ताटाखालची नोट

॥ लुहानच्या माउलीची कृपा ॥

बुएनोस आयरेस,
सोमवार, ३१ मार्च १९८६

तीर्थरूप ओफेलियाताईस,
धाकट्या डेल्फिनाचा नमस्कार. वि. वि.

तू तान्दिलहून पाठवलेले पार्सल शनिवारी मोटार-स्टँडवरून सोडवून आणले. आले ते असे: सलामीच्या दोन कांड्या, चीज दीड किलोला थोडे कमी, बिही फळाच्या वडीचा एक डबा आणि लोकरीचे मोजे एक जोड. भाडे तीन ऑस्ट्राल वीस सेंटाव्हो पडले. डब्याला पोचा आला आहे, पण वडी सुखरूप. पुढच्या वेळी चीज मोज्यांतच गुंडाळ, कागद वाचेल. मोजे मी तसेही धुतल्याशिवाय घालत नाही.

पाकिटावर तू अजून माझ्या नावापुढे ‘विधवा’ लिहीत नाहीस. लिहीत जा. एवारिस्तोला जाऊन आता दोन महिने होतील. टपालवाल्यापासून काय लपवायचे?

ईस्टर शांततेत पार पडला. शुक्रवारी उपास केला, काल पहाटे मिस्साला गेले. मधल्या शनिवारी एकोणतीस तारीख होती, त्याबद्दल लिहायचे आहे. पेन दोनदा खाली ठेवून झाले.

एवारिस्तो आणि मी एकतीस वर्षे दर एकोणतिसाला कोपऱ्यावरच्या अस्तुरियानोच्या खाणावळीत न्योकी खायला जात होतो. तुमच्या तान्दिलला करतात तसेच, ताटाखाली नोट ठेवायची आणि पुढच्या एकोणतिसापर्यंत ती जपायची, म्हणजे महिना भरलेला जातो. न्योकी म्हणजे शेवटी बटाटा आणि मैदा. तिथे एका ताटाला पडते त्यात घरी चौघांचे जेवण होते, हे मी त्याला एकतीस वर्षे सांगितले. त्याचे उत्तर ठरलेले, की महिन्यातून एकदा तुझ्या हातचे न खाणे हेही एक व्रतच आहे. फेब्रुवारीत यंदा एकोणतीस तारीखच नव्हती, ते बरे झाले. मार्चात मात्र ती आली. मी पार्सल घेऊन त्याच रस्त्याने येत होते, आणि पाय आपोआप आत वळले.

आमच्या नेहमीच्या टेबलावर बसले. सेवेरिनो तिथला जुना वाढपी, गॅलिशियाचा, त्र्याहत्तर वर्षांचा. बारा टेबलांचे सांगणे डोक्यात ठेवतो, कधी कागदावर लिहीत नाही. मी त्याला मांसाच्या रश्श्याशिवाय नुसत्या टोमॅटोतल्या न्योकी सांगितल्या, कारण दिवस पवित्र शनिवारचा. त्याने मान हलवली आणि दोन ताटे आणली. एक माझ्यापुढे ठेवले, एक एवारिस्तोच्या जागी. पेंग्विनच्या आकाराच्या त्या पांढऱ्या सुरईतून दोन पेल्यांत वाइन ओतली. तिसराही पेला आणि काटा तिथे होता, तो आधीच्या गिऱ्हाइकाचा राहिला असेल असे मला वाटले. मी म्हटले, सेवेरिनो, मी एकटी आहे. तर तो अगदी सहज म्हणाला, की साहेबांनी गुरुवारी सांगून ठेवलंय, बाई, तुम्ही जेवा, गार होतंय.

ताई, गुरुवारी. पवित्र गुरुवारी त्याला जमिनीखाली जाऊन सात आठवडे झाले होते.

आणि समोरच्या ताटाखालून एक नोट डोकावत होती. ती मी हजारांत ओळखेन. जुन्या दहा हजार पेसोंची, जिला आज पावाचा तुकडाही येणार नाही, आणि जिचा कोपरा त्याच्या सिगारेटने अर्धचंद्रासारखा जळलेला. तो दरवेळी तीच ठेवायचा, म्हणायचा की नशिबाला ओळखीचं माणूस लागतं. तो गेल्यावर पाकिटात ओळखपत्र, कंगवा आणि माउलीचे चित्र मिळाले, ती नोट मिळाली नाही. मी इस्पितळातल्या झाडूवालीवर मनातल्या मनात संशय घेतला होता, आणि त्या पापाची कबुलीही दिली होती.

मला हात लावायचा धीर झाला नाही. मी माझे खाल्ले. त्याच्या ताटावर तेलाची साय धरली. शेवटी सेवेरिनोने ताट उचलले, नोट घडी घालून एप्रनच्या खिशात टाकली, आणि कानामागची पेन्सिल काढून टेबलावरच्या कागदावर एकाच ताटाचा हिशेब मांडला.

त्याच्या आत्म्यासाठी एक मिस्सा सांगितला आहे. पण मला राहून राहून वाटते, तो स्वस्थ नाही. चाकारिताच्या दफनभूमीत लिडिया, आमची पोटची पोर असून, सगळ्यांच्या मागे उभी होती. त्या बायको सोडलेल्या ओस्वाल्दोबरोबर ती राहायला गेली, त्या नाताळात मी तिचे ताट टेबलावरून उचलून ओट्यावर पालथे घातले होते आणि म्हटले होते, या घरात तुझे ताट नाही. त्याला नऊ वर्षे झाली. परवा माती टाकतानाही मी मागे वळून पाहिले नाही. एवारिस्तोने ते पाहिले असेल का?

तुझे गुडघे कसे आहेत ते लिही. धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
डेल्फिना

•

तान्दिल,
९ एप्रिल १९८६

चि. डेल्फीस, ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझे पत्र शेगडीजवळ बसून दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी चष्मा लावून. गुडघे आहेत तसेच, कोंबड्या माझ्यापेक्षा बऱ्या चालतात. मोज्यांवरचा टोमणा पोचला. पुढचे चीज उघडेच पाठवते, वाटेत सगळ्यांनी हुंगावे.

तुझ्या सेवेरिनोचे वय झाले, बाई. एकतीस वर्षे तेच टेबल, तीच दोन माणसे. हात आपोआप दोन ताटे उचलतो. माझ्याही तोंडून कधी कधी कुत्र्याला हाक निघते, मग आठवते की तो मरून चार वर्षे झाली. नोटेचे म्हणशील तर या देशात सिगारेट ओढणारे आणि नोटा जाळणारे थोडे आहेत का? आपला नवरा ताटाखालचे मांजर आहे असे तू आयुष्यभर समजलीस. आता त्याच ताटाखाली नोट निघाली तर एवढी दचकतेस.

थट्टा पुरे. तू घाबरली आहेस हे कळते. मी एवढेच सांगेन की पुन्हा ती नोट दिसली तर उचल. भुताची असेल तर विरून जाईल, माणसाची असेल तर हातात राहील. आणि जागा मात्र बदल किंवा डोक्याला रुमाल तरी बांध. वर टांगलेल्या त्या तंगड्यांची चरबी थंडीतसुद्धा ठिबकते.

लिडियाबद्दल तू विचारलेस म्हणून लिहिते. मेलेल्या माणसाने काय पाहिले ते पाद्रीबाबा सांगतील. जिवंत माणसाने पाहिले, एवढे मला ठाऊक आहे. तिला दोन ओळी लिही. ती आव्हेयानेदाला राहते, चंद्रावर नाही. तुझ्या दारातून बसने अर्धा तास.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र टाकायला विसरू नकोस.

ओफेलिया

•

॥ लुहानच्या माउलीची कृपा ॥

बुएनोस आयरेस,
शुक्रवार, २ मे १९८६

ति. ताईस, नमस्कार.

काल कामगार दिनाची सुट्टी, म्हणून पत्राला एक दिवस उशीर. शिवाय राग शांत व्हायलाही एक दिवस लागला. तो झालेला नाही.

मंगळवारी एकोणतीस. मी माउलीची माळ खिशात घालून गेले. त्याच टेबलावर बसले, रुमाल न बांधता. या खेपेला सेवेरिनोने तीन ताटे आणली.

तिसरे ताट माझ्या डाव्या हाताला ठेवले. त्यातल्या रश्श्यात कांदा नव्हता. अस्तुरियानोचा रस्सा तू मानशील तितका जाड कांद्याचा असतो, पण या ताटात एक पाकळी नाही. कुणीतरी बसून वेचून काढलेला. मी काही विचारायच्या आधीच सेवेरिनो म्हणाला, की मुलगी आज दारापर्यंत आली होती, म्हणून वाढलं. गेल्या गुरुवारी तिनं अर्धंच खाल्लं, बाई, तुम्ही जरा दटावा तिला, साहेबांचं ती ऐकत नाही.

ताई, कांदा वेचून ताटाच्या कडेला एका रांगेत मांडणारी एकच मुलगी मला माहीत आहे. त्यासाठी मी तिला लहानपणी किती फटके दिले ते देव जाणे.

नोटही होती. मी बोट पुढे केले आणि मागे घेतले. तू म्हणतेस, माणसाची असेल तर हातात राहील. मला त्याचीच भीती वाटली. मी उठले, पैसे ठेवले आणि मागे न बघता घरी आले.

मग बसून विचार केला. एवारिस्तो दर गुरुवारी दुपारी रेल्वेच्या क्लबात पत्ते खेळायला जायचा. परत आला की त्याच्या कोटाला तळलेल्या लसणाचा वास यायचा, आणि मी तो कोट बाल्कनीत वाळत घालून म्हणायची, की तुमच्या क्लबात पत्ते तळतात का? तो हसायचा. नऊ वर्षे हसला. मी त्या दिवशी रात्रीचे जेवण कमी करायची, कारण त्याला भूक नसायची. एवढे दिसत होते आणि दिसले नाही.

आता तुझे. त्या टेबलावर डुकराच्या तंगड्या टांगलेल्या आहेत, हे मी तुला कधीच लिहिले नाही. तुझी सगळी पत्रे आणि माझ्या सगळ्या नकला मी तारीखवार ठेवते, काल पुन्हा सगळ्या चाळल्या. तू त्र्याऐंशी साली डोळ्याच्या ऑपरेशनला आलीस तेव्हा आठ दिवस माझ्याकडे होतीस, आणि आपण दोघी त्या खाणावळीत गेलो नाही. मग ती चरबी ठिबकते हे तुला कुणी सांगितले?

मी इथे एकटी त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगते आहे, आणि तुम्हा सगळ्यांना तो कुठे जेवत होता हे ठाऊक आहे.

प्रेम कमी झालेले नाही. ते लिहिण्याइतकी मनःस्थिती मात्र नाही.

डेल्फिना

•

तान्दिल,
८ मे १९८६

चि. डेल्फी,

आज लुहानच्या माउलीचा सण. आज खोटे लिहवत नाही, आणि उद्यावर टाकले तर उद्याही लिहवणार नाही.

ऑपरेशन झाल्यावर तुला दवाखान्यात पट्टी बदलायला जाते म्हणून सांगितले, तो गुरुवार होता. एवारिस्तोने मला हात धरून त्या खाणावळीत नेले. एकच डोळा उघडा होता, त्याने मी लिडियाला पाहिले. केस कापलेले, हाताला शाईचे डाग, एका छापखान्यात प्रुफे तपासते. ती आणि तिचा बाप दर गुरुवारी तिथेच जेवायचे. ती मला भेटून रडली नाही. तिने आधी विचारले, की आईचे संधिवाताचे औषध संपले नाही ना? माझ्या केसांत थेंब पडला तो त्याच दिवशी.

एवारिस्तोने माझ्याकडून वचन घेतले की तुला मी सांगायचे नाही, तोच सांगेल. दर वर्षी म्हणायचा, या वर्षी सांगतो. तुझ्याशी भांडायला तो घाबरत नव्हता, डेल्फी. तू एकदा ताट उचललेस की पुन्हा ठेवत नाहीस, याला घाबरत होता.

यंदा तीस जानेवारीला, गुरुवारी, ते दोघे शेवटचे जेवले. त्याची छाती दुखू लागली होती, ते त्याने तुलाही सांगितले नाही. त्याने ती नोट लिडियाला दिली आणि म्हणाला, की फेब्रुवारीला एकोणतीस नाही, म्हणजे आता पुढची मार्चातली. तोवर तू जप. त्या दिवशी मी आईला सगळं सांगून इथे घेऊन येतो, तिघं जेवू. सेवेरिनोला हाक मारून त्याने एकोणतीस मार्चला तीन ताटे सांगून ठेवली, तुझे शनिवारचे रश्श्याचे पथ्यसुद्धा. सहाव्या... आठव्या दिवशी तो गेला. आकडाही नीट लिहवत नाही मला.

लिडियाने नोट सेवेरिनोकडे दिली, की ठरल्याप्रमाणे बाबांच्या ताटाखाली ठेवा. ती स्वतः समोरच्या वर्तमानपत्राच्या टपरीआड उभी राहिली. मनाशी ठरवले, की आईने नोट उचलली तर आत जायचे. नाही उचलली तर समजायचे की ताट अजून पालथेच आहे. मार्चात उभी राहिली. एप्रिलात दारापर्यंत आली. दोन्ही वेळा तिने तुला काचेतून जेवताना, मग उठून जाताना पाहिले. तुला काही माहीत नव्हते, हे तिला माहीत नव्हते. मला वाटले होते तू उचलशील, म्हणून मी आडून सुचवले आणि गप्प बसले. ही माझी चूक. साठी उलटली तरी मला सरळ बोलता येत नाही.

हे सगळे तिनेच मला वेळोवेळी कळवले, आणि आता तिचे पुन्हा पत्र आले आहे. लिहिते, की दोनदा पुरे झाले मावशी, तिसऱ्यांदा टपरीआड उभी राहायची मला लाज वाटते. नोट सेवेरिनोकडेच राहू दे.

तिचा पत्ता या कागदाच्या मागे लिहिला आहे. बाकी मी काही सांगत नाही. माझ्यावरचा राग माझ्यावरच ठेव.

तुझी,
ओफेलिया

•

बुएनोस आयरेस,
शुक्रवार, ३० मे १९८६

चि. लिडियास,

आईचा आशीर्वाद. तो नको असेल तर नमस्कार समज.

हे पत्र कसे सुरू करावे ते कळेना, म्हणून हिशेबाच्या वहीमागे दोनदा कच्चे लिहून पाहिले. नऊ वर्षांत तुला पहिलेच पत्र. तुझ्या मावशीने सगळे लिहिले. तिला दोष देऊ नकोस, मी दिला तेवढा पुरे.

काल एकोणतीस तारीख होती, आणि गुरुवारही. मी बाराला जाऊन बसले. तू येणार नाहीस हे मावशीच्या पत्रावरून ठाऊक होते, तरी टपरीकडे तोंड करून बसले. सेवेरिनोने तीन ताटे आणली. मी त्याला सरळ विचारले, की बाबा रे, माझा नवरा वारला आहे हे तुला माहीत आहे की नाही? तो म्हणाला, बाई, चाकारिताला मी होतो की. पावसात माझे बूट गेले. मग हे ताट कसले, म्हटले. तर म्हणाला, साहेबांनी तीन सांगितली होती. मार्चात तिघं जेवली नाहीत, म्हणजे ते सांगणं अजून उभं आहे. गिऱ्हाइकानं सांगितलेलं गिऱ्हाईकच रद्द करतं, वाढपी नाही. एवढ्या सरळपणे म्हणाला की जणू मीच काहीतरी वेडे विचारले.

मावशी आणि मी त्याला विसराळू समजत होतो. सगळ्यांत चांगली आठवण त्याचीच निघाली.

मग मी नोट उचलली. ती विरली नाही. तुझ्या बाबांच्या खिशातल्या तंबाखूचा वास तिला अजून आहे, थोडा तुझ्या शाईचाही. मी ती हातात धरून दाराकडे पाहिले. लोक आत येत होते, सोडावॉटरच्या बाटल्या फुसफुसत होत्या, मालक नव्या रंगीत टीव्हीची तार ओढत होता. दार बावीस वेळा उघडले. मी मोजले, सवय जात नाही. त्यात तू नव्हतीस. मार्चात आणि एप्रिलात तुला काचेपलीकडे कसे वाटले असेल, त्याचा थोडा अंदाज आला. सगळा नाही. तुला थंडीत उभे राहावे लागले, मी बसले होते.

अन्न टाकणे पाप, म्हणून माझे संपल्यावर तुझेही ताट मी खाल्ले. कांद्याविना रस्सा कसा लागतो ते पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा कळले. वाईट लागत नाही, लिडिया. त्यासाठी मी तुला मारायला नको होते.

तुझ्या बाबांच्या ताटाला हात लावला नाही. चार वाजेपर्यंत बसले. सगळे गेल्यावर सेवेरिनोला विचारले, की गिऱ्हाईक नसेल तर त्याचे सांगणे रद्द करायचा हक्क बायकोला असतो का? त्याने विचार केला आणि म्हणाला, विधवेला असतो. म्हणून मी ते रद्द केले. त्याने ताट उचलले. मग बाबांच्या मागे जाऊन उभा राहायचा तसा त्या रिकाम्या खुर्चीमागे गेला, ती हळूच मागे ओढली, एक माणूस उठून बाहेर पडेल इतका वेळ धरून ठेवली, आणि पुन्हा आत सरकवली. मी उठून उभी राहिले. दुसरे काय करणार होते? नंतर घरी येऊन जिन्यात बसून रडले. वर जाऊन त्यांचा कोट कपाटात ठेवला. चार महिने तो बाल्कनीच्या दोरीवरच होता.

आता कामाचे. पुढची एकोणतीस जूनमध्ये, रविवारी. सेवेरिनोला मी नवीन सांगून आले आहे: तीन ताटे. एक माझे, एक तुझे कांद्याशिवाय. तिसरे ओस्वाल्दोचे. पाद्रीबाबांना विचारलेले नाही. विचारले तर ते नको म्हणतील आणि मग मला त्यांचे ऐकावे लागेल, म्हणून आधी जेवू, कबुली नंतर देईन. त्या माणसाशी मी काय बोलणार ते मला माहीत नाही. सलामी चांगली आहे म्हणेन. मावशीची आहे, मी घरून नेईन, मालक चालवून घेतो.

साडेअकरालाच या. त्याच दिवशी दुपारी फुटबॉलचा शेवटचा सामना आहे म्हणे, आणि आपले तिथवर पोचले तर खाणावळीत पाय ठेवायला जागा उरणार नाही. टपरीआड थांबू नकोस. सरळ आत ये, वरच्या तंगड्यांकडे बघून.

नोट या पाकिटात घातली आहे. तिची आता काही किंमत नाही, तरी टपालाने पाठवताना जीव खालीवर होतो. ती सेवेरिनोकडे देऊ नकोस. तुझ्या हाताने आण, आणि तुझ्याच ताटाखाली ठेव.

एक राहिले. ओस्वाल्दोला कांदा चालतो की तोही वेचतो, हे मला माहीत नाही. सेवेरिनोला आधी सांगावे लागेल. तेवढे उलट टपाली कळव.

वाट पाहणारी,
तुझी आई